आधी खटकते, मग कळते

नारायण पेठेतील एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर आमचा तबल्याचा वर्ग भरतो. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी मी तिथे मध्यलयीत तीनतालाचा ठेका वाजवत होतो आणि सर माझ्याकडे पाठ करून, खिडकीजवळच्या मेजावर, फीच्या वहीत नावे आणि रकमा लिहीत होते. खालच्या रस्त्यावरून रिक्षा, दुचाक्या, भाजीवाल्याची आरोळी असे सगळे आवाज एकमेकांत मिसळून वर येत होते, पण त्यांतल्या एकाही आवाजाने सरांची मान वर झाली नाही. मग पंधरा-सोळा आवर्तने झाल्यावर माझ्या हातून खालीत 'तिं'च्या जागी 'धिं' वाजला. म्हणजे तालाच्या 'खाली' या भागात, जिथे डग्गा (जोडीतला डाव्या हाताचा, घुमणारा) गप्प राहायला हवा होता तिथे तो घुमला. सरांचे पेन थांबले. मान वर झाली. क्षणभराने ते वळून म्हणाले, "खालीत डग्गा आला."

वर्ग संपल्यावर मी त्यांना विचारले की तुमचे लक्ष तर वहीत होते, मग चूक कळली कशी? ते म्हणाले, "लक्ष नव्हतंच. कानाला खटकलं, म्हणून लक्ष गेलं."

या उत्तरातील क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की आपण आधी लक्ष देतो आणि म्हणून आपल्याला वेगळेपण जाणवते. सरांनी सांगितलेला क्रम उलटा आहे: वेगळेपण आधी टिपले जाते आणि लक्ष त्याच्या मागून जाते. मेंदूच्या अभ्यासकांना हा उलटा क्रम १९७० च्या दशकात प्रयोगात दिसला. 'खटकणे' हे मराठीतले अगदी नेमके क्रियापद ज्या घटनेला लागू पडते, त्या घटनेची मेंदूत उमटणारी एक विद्युत-खूण तेव्हा सापडली. तिचे नाव मिसमॅच निगेटिव्हिटी, थोडक्यात एमएमएन. मराठीत सांगायचे तर 'विसंगतीची ऋण लहर'. यातील 'ऋण' या शब्दाला चांगल्या-वाईटाचा अर्थ नाही. कपाळाच्या वरच्या आणि टाळूच्या पुढच्या भागात मोजलेला विद्युतदाब त्या क्षणी ऋण दिशेने झुकतो, एवढेच तो सांगतो.

ही खूण कशी सापडली हे समजण्यासाठी प्रयोग डोळ्यांसमोर आणावा लागेल. एक माणूस खुर्चीत बसलेला आहे. डोक्यावर इलेक्ट्रोड लावलेली टोपी आहे, कानात इअरफोन आहेत, समोर एखादा मूकपट चालू आहे आणि त्याला सांगितले आहे की चित्रपट पाहा, कानात येणाऱ्या आवाजांकडे लक्ष देऊ नका. इअरफोनमधून एकच छोटा स्वर, साधारण अर्ध्या-एक सेकंदाच्या अंतराने, पुन्हा पुन्हा येतो: टिंग, टिंग, टिंग, टिंग. मध्येच, कोणताही ठरावीक नियम न पाळता, दहा-वीस टक्के वेळा थोडा वेगळा स्वर येतो, जो किंचित वरच्या पट्टीतला, किंवा किंचित लांब, किंवा किंचित हळू आवाजातला असतो. मेंदूतील पेशींच्या विद्युत हालचाली टोपीतून सतत नोंदल्या जातात. ही नोंदणी म्हणजे ईईजी. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून ती पहिल्यांदा घेतली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली, म्हणजे साधन तसे जुनेच आहे.

अडचण अशी की ईईजीची रेघ फार गोंगाटाची असते. मेंदूच्या स्वतःच्या चालू लहरी काही दहा मायक्रोव्होल्टच्या असतात आणि आपल्याला शोधायची खूण फक्त दोन-चार मायक्रोव्होल्टची, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या काही पट. लक्ष्मी रोडवरच्या विसर्जन मिरवणुकीत शेजारच्याची कुजबुज ऐकण्यासारखे ते आहे. यावर उपाय म्हणून सरासरी काढतात. वेगळा स्वर ज्या-ज्या क्षणी वाजला त्या-त्या क्षणापासून पुढची अर्ध्या सेकंदाची रेघ कापून घ्यायची आणि अशा शंभर-दोनशे रेघा एकमेकींवर ठेवून त्यांची सरासरी काढायची. त्या स्वराशी ज्या लहरींचा संबंध नाही त्या कधी वर, कधी खाली असल्यामुळे एकमेकींना खोडून टाकतात, तर स्वराशी बांधलेली लहर प्रत्येक वेळी त्याच जागी येत असल्यामुळे टिकून राहते. शंभर वेळांची सरासरी घेतली की गोंगाट साधारण एक दशांश उरतो. असेच नेहमीच्या स्वराचेही करायचे आणि वेगळ्या स्वराच्या रेघेतून नेहमीच्या स्वराची रेघ वजा करायची. जे उरते ते एमएमएन. बदल सुरू झाल्यापासून साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पाव भागाच्या आत, ही लहर आपल्या टोकाला पोहोचते.

फिनलंडचे मानसशास्त्रज्ञ रिस्टो नॅटॅनेन यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांबरोबर १९७८ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. त्यांच्या मूळ प्रयोगात दोन्ही कानांत वेगवेगळे आवाज येत होते आणि ऐकणाऱ्याने एकाच कानाकडे लक्ष द्यायचे होते. दुर्लक्ष केलेल्या कानातही वेगळा स्वर आला की मेंदू तीच लहर उमटवत होता. माझ्या मते या प्रयोगाचे खरे मोल इथे आहे. लक्ष नसले तरी मेंदू मागच्या आवाजांचा हिशोब ठेवत असतो आणि नवा आवाज त्या हिशोबाशी ताडून पाहत असतो, हे पडताळता येईल अशा रेघेत समोर आले.

आता कोणी म्हणेल, नवा आवाज मोठा किंवा उठावदार असेल म्हणून मेंदू दचकला असेल. तसे नाही. नेहमीच्या स्वरांपेक्षा हळू आलेला स्वरही एमएमएन उमटवतो, आणि लांबीने कमी असलेला स्वरही. त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे आवाज न येणे हासुद्धा बदलच ठरतो. स्वर पुरेसे भरभर येत असतील, म्हणजे दोन स्वरांत दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास किंवा त्याहून कमी अंतर असेल, आणि मधलाच एखादा स्वर गाळला, तर त्या रिकाम्या जागेलाही मेंदू तीच लहर देतो. कानाच्या पडद्यावर काहीच आदळलेले नाही, कानातल्या पेशींनी काहीच पाठवलेले नाही, तरीही श्रवणक्षेत्रात, म्हणजे मेंदूच्या ऐकण्याच्या भागात, हालचाल होते. जे आले नाही त्याची नोंद घ्यायची, तर ते यायला हवे होते हे आतमध्ये कुठेतरी मांडलेले असावे लागते.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण उत्साहाच्या भरात प्रत्येक अनुभवाला हे नाव चिकटवले जाते. स्वयंपाकघरात कुकर लावला आहे, दोन शिट्ट्या झाल्या आहेत आणि तिसरी वेळेत आली नाही म्हणून आई गॅसकडे वळून पाहते. हे एमएमएन नव्हे. दोन शिट्ट्यांमध्ये काही मिनिटे जातात आणि या यंत्रणेची आठवण तेवढी लांब टिकत नाही. प्रयोगांत दोन स्वरांतील अंतर वाढवत नेले तर साधारण दहा सेकंदांच्या आसपास ही लहर मावळू लागते. शिट्ट्या मोजणे हे जाणीवपूर्वक लक्ष ठेवण्याचे काम आहे आणि त्याची मेंदूतील वाट वेगळी आहे. गुरुवारी दुपारी लाइट जाते, पंखा थांबतो, फ्रीजची घरघर थांबते आणि तोपर्यंत ऐकूच येत नसलेला आवाज थांबल्यावर घरातले सगळे एकदम वर पाहतात, हा अनुभव मात्र या विषयाच्या बराच जवळचा आहे. अर्थात त्यात सलग आवाज संपण्याला श्रवणपेशी जे वेगळे उत्तर देतात त्याचाही वाटा असतो.

मग मेंदू हे करतो कसे? या प्रश्नावर अभ्यासकांत बराच काळ वाद झाला आहे. हा वाद मला संपूर्ण विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो, म्हणून इथे थोडे रेंगाळतो.

पहिले स्पष्टीकरण साधे आहे: पेशी थकतात. श्रवणक्षेत्रातील वेगवेगळ्या पेशी वेगवेगळ्या पट्टीच्या स्वरांना जास्त प्रतिसाद देतात. एकच स्वर पुन्हा पुन्हा आला की त्याच्या पेशींचा प्रतिसाद मंदावतो. वेगळ्या स्वराच्या पेशी मात्र ताज्यातवान्या असतात, म्हणून तो स्वर आला की त्या जोरात बोलतात. यात कसलीही तुलना नाही, अपेक्षा नाही. फक्त दमलेल्या आणि न दमलेल्या पेशींतला फरक आहे. हे निव्वळ कल्पनेतले नाही. २००३ मध्ये इस्रायलमधील संशोधकांनी मांजरांच्या श्रवणक्षेत्रातील एकेका पेशीची नोंद घेऊन दाखवले की तीच पेशी तोच स्वर वारंवार आला तर मंद आणि क्वचित आला तर जोरकस प्रतिसाद देते.

दुसरे स्पष्टीकरण सांगते की मेंदू अंदाज बांधतो. येणाऱ्या आवाजांतून तो नियम काढतो, पुढचा आवाज कसा असेल ते आधीच मांडून ठेवतो आणि प्रत्यक्ष आलेला आवाज त्यातून वजा करतो. अंदाज बरोबर निघाला तर वर कळवण्यासारखे फारसे उरत नाही; चुकला तर चुकीएवढाच संदेश वर जातो. वरच्या भागांतून खाली अंदाज येतात आणि खालच्या भागांतून वर फक्त चुका जातात, अशी ही देवाणघेवाण आहे. गल्ल्यावर बसलेला जाणता दुकानदार रोजची विक्री मालकाला सांगत बसत नाही, हिशोबात फरक आला तरच फोन करतो, तसे काहीसे.

या दोहोंत निवड कशी करायची? नुसत्या टिंग-टिंग-टांगने ती होत नाही, कारण तिथे वेगळा स्वर क्वचितही असतो आणि अनपेक्षितही. म्हणून प्रयोग असा रचावा लागतो की आवाज अनपेक्षित असावा, पण क्वचित नसावा. समजा दोन स्वर आलटून पालटून येत आहेत: वरचा, खालचा, वरचा, खालचा. असे बराच वेळ चालल्यावर मध्येच वरचा स्वर लागोपाठ दोनदा आला. तो स्वर नवा नाही, निम्मा वेळ तोच तर वाजत होता. थकव्याचा विचार केला तर दुसऱ्यांदा आल्यावर त्याच्या पेशी उलट जास्तच दमलेल्या असायला हव्यात. तरीही एमएमएन उमटते. आणखी एका प्रयोगात स्वरांच्या जोड्या होत्या, प्रत्येक जोडी वेगळ्या पट्टीत, पण प्रत्येक जोडीत दुसरा स्वर पहिल्यापेक्षा खालचा. मध्येच एक जोडी चढती आली आणि मेंदूने ती पकडली, कुठलाही एक स्वर पुन्हा पुन्हा आलेला नसताना. म्हणजे आठवणीत नुसता स्वर नव्हता, 'उतरणे' हा संबंध होता.

आता माझ्या चुकीकडे परत येतो. तीनतालाच्या एका आवर्तनात सोळा मात्रा असतात आणि आमच्याकडे शिकवतात त्या ठेक्यात त्यांपैकी 'धिं' सहा वेळा येतो, 'तिं' फक्त दोनदा, दहाव्या आणि अकराव्या मात्रेवर. म्हणजे आवाज किती वेळा येतो एवढेच पाहिले तर 'धिं' हा सर्वांत ओळखीच्या आवाजांपैकी एक, आणि खटकायचा झालाच तर 'तिं' खटकायला हवा. प्रत्यक्षात 'तिं' कोणालाही खटकत नाही, कारण तो आपल्या जागी येतो. माझा 'धिं' खटकला, कारण तो दुसऱ्याच्या जागी आला. हे उदाहरण प्रयोगशाळेतले नाही आणि सोळा मात्रांचे आवर्तन म्हणजे काही सेकंदांचा पसारा, त्यात सरांच्या चाळीस वर्षांच्या मुरलेल्या स्मृतीचाही भाग आला. तरीही 'क्वचित' आणि 'अनपेक्षित' या दोन शब्दांतला फरक मला त्या एका ठोक्याने जितका स्पष्ट झाला, तितका वाचनाने झाला नव्हता.

आज बहुतेक अभ्यासक दोन्ही गोष्टी एकत्र धरतात. पेशींचे मंदावणे खरे आहे, आणि त्याच्या वर अंदाजाची यंत्रणाही खरी आहे; कदाचित मंदावणे हाच अंदाज राखण्याचा एक स्वस्त मार्ग असेल. एमएमएनचा एक उगम कानशिलामागच्या श्रवणक्षेत्रात आहे आणि दुसरा, किंचित उशिरा जागा होणारा, कपाळामागच्या भागात. पहिला फरक टिपतो आणि दुसरा लक्ष वळवण्याच्या कामाशी जोडलेला आहे असे मानले जाते. फरक पुरेसा मोठा असेल तर त्यानंतर तीनशे मिलिसेकंदांच्या आसपास एक धन दिशेची लहर येते आणि तेव्हा लक्ष खरोखर वळते. सरांचे पेन थांबले ते या सगळ्यानंतर.

ही यंत्रणा सगळ्यांची सारखीच धारदार असते का? नसते, आणि इथे सवय आणि भाषा यांचा संबंध येतो. १९९९ मध्ये जर्मनीत व्हायोलिनवादक आणि संगीत न शिकलेली माणसे अशा दोन गटांना वाचन करायला बसवून मागे सुरांचे मेळ वाजवले गेले. मधूनच एखाद्या मेळातला एक स्वर अगदी किंचित बेसूर होता. व्हायोलिनवादकांच्या मेंदूत, त्यांचे लक्ष पुस्तकात असताना, एमएमएन उमटले; इतरांच्या मेंदूत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात मांडवाच्या मागच्या बाजूला गप्पा मारत उभा असलेला एखादा जुना श्रोता तानपुरा उतरल्याबरोबर मंचाकडे पाहतो, त्यामागे असाच वर्षानुवर्षांचा कान असावा.

भाषेचे उदाहरण तर आपल्या घरातलेच आहे. १९९७ मध्ये नॅटॅनेन आणि सहकाऱ्यांनी फिनिश आणि एस्टोनियन भाषक निवडले. या दोन्ही भाषा जवळच्या बहिणी आहेत, पण एस्टोनियनमध्ये एक स्वर ('अ', 'इ', 'उ' यांसारखा, उच्चारातला) असा आहे की जो फिनिशमध्ये नाही. तो स्वर वेगळा आवाज म्हणून मध्ये टाकला तेव्हा एस्टोनियन लोकांच्या मेंदूत मोठी लहर आली, फिनिश लोकांच्या मेंदूत लहान. ध्वनीच्या मापाने फरक दोघांसाठी तेवढाच होता. मेंदूने तो आपापल्या मातृभाषेच्या मापाने मोजला. लहान बाळांतही सहा महिने ते एक वर्ष या काळात ही भाषेची घडण होताना दिसली आहे. त्याआधी, १९८४ मध्ये, कॅनडात असे आढळले होते की इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांची बाळे हिंदीतील 'ट' आणि 'त' वेगळे ओळखतात आणि वर्षाची होईपर्यंत ती ओळख बहुतेकांत मावळते. तो प्रयोग बाळ मान वळवते का हे पाहून केलेला होता, ईईजीचा नव्हता, पण त्याने सांगितलेली गोष्ट तीच आहे. परप्रांतातून पुण्यात आलेला एखादा सहकारी 'बाळ' आणि 'बाल' सारखेच म्हणतो तेव्हा आपण त्याला जीभ वळत नाही असे म्हणतो. जीभ तर असतेच, पण कित्येकदा त्याच्या कानाला तो फरक खटकतच नसतो, आणि जे खटकत नाही ते दुरुस्त कसे करणार? त्याला हसण्याऐवजी पुन्हा पुन्हा सावकाश ऐकवावे, कारण मोठेपणीही सरावाने ही लहर वाढते असे प्रयोगांत दिसलेले आहे.

नवजात बाळांबद्दलचा एक प्रयोग तबला शिकणाऱ्या माणसाला सांगितल्यावाचून राहवत नाही. २००९ मध्ये हंगेरी आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या, झोपलेल्या बाळांना ड्रमचा एक ठेका ऐकवला. त्या ठेक्यातला एखादा मधला ठोका गाळला तरी बाळांचा मेंदू शांत राही. पण आवर्तनाचा पहिला, मुख्य ठोका, म्हणजे आपल्या भाषेत समेचा ठोका गाळला की एमएमएनसारखीच लहर उमटे. ज्याला जन्मून जेमतेम दोन-तीन दिवस झाले आहेत, त्याला सम हुकल्याचे कळते.

एमएमएनचा दवाखान्यातील उपयोग दोन ठिकाणी विशेष तपासला गेला आहे. पहिला स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या संदर्भात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अनेक अभ्यासांत या आजाराच्या रुग्णांत ही लहर सरासरीने लहान असल्याचे दिसून आले आहे. निरोगी माणसांना केटामिन हे औषध दिल्यावरही ती लहान होते. केटामिन मेंदूतील एनएमडीए नावाच्या ग्राहींना (पेशींवरील रासायनिक संदेश घेणाऱ्या जागांना) अडवते, त्यामुळे या आजारात त्या ग्राहींच्या कामात बिघाड असावा या तर्काला यातून आधार मिळतो. पण हा सगळा गटांच्या सरासरीचा हिशोब आहे. एका माणसाच्या डोक्यावर टोपी लावून त्याला हा आजार आहे की नाही हे या लहरीवरून ठरवता येत नाही, आणि कोणी तसे ठरवून देतो म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

दुसरे ठिकाण म्हणजे अतिदक्षता विभाग. अपघातानंतर किंवा हृदय थांबून पुन्हा सुरू झाल्यानंतर कोमात गेलेल्या माणसाच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "त्यांना ऐकू येतंय का हो?" हा प्रश्न मी आमच्याच घरातल्या माणसासाठी, काचेच्या दाराबाहेर उभे राहून, विचारलेला आहे, म्हणून त्याचे उत्तर मला शक्य तितके नेमके द्यायचे आहे. झोपेत आणि कोमातही ही तपासणी करता येते, कारण तिला रुग्णाचे लक्ष लागत नाही. फ्रान्समध्ये १९९० च्या दशकात कोमातल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत असे आढळले की ज्यांच्यात एमएमएन मिळते त्यांतील बहुतेक जण पुढे शुद्धीवर येतात. उलट बाजूने मात्र ते खरे नाही. ज्यांच्यात ती मिळाली नाही असेही कितीतरी जण शुद्धीवर आले. म्हणून लहर दिसणे ही आशेची खूण आहे, पण न दिसणे ही निराशेची खूण मानू नये.

आणि लहर दिसली तरी 'ऐकू येते' या शब्दांचा आपण घेतो तो पूर्ण अर्थ तिच्यात नाही. २००९ मध्येच पॅरिसच्या संशोधकांनी पाच-पाच स्वरांचे गट वापरून एक प्रयोग केला. चार सारखे आणि पाचवा वेगळा, हा जवळचा फरक बेशुद्ध रुग्णांचा मेंदूही टिपत होता. पण 'प्रत्येक गटात पाचवा वेगळाच असतो' असा लांबचा नियम बसवून नंतर पाचही स्वर सारखेच ऐकवले, तर ते मोडणे त्या अभ्यासात फक्त जाणीव असलेल्यांच्याच मेंदूने ओळखले. पुढच्या अभ्यासांत याला काही अपवाद सापडले आहेत, तरी त्या काचेच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला आज एवढे खात्रीने सांगता येते: ही लहर मिळाली असेल तर आवाज कानातून श्रवणक्षेत्रापर्यंत पोहोचतो आहे, मागचा आवाज काही सेकंद तिथे धरून ठेवला जातो आहे आणि नवा आवाज त्याच्याशी ताडून पाहिला जातो आहे. तुमचा आवाज ओळखला जातो आहे की नाही, हे ती सांगत नाही.